जी ९.४ आला, तर जर्नलमध्ये ९.४ लिहायचा का?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलीनं विचारलंय. साध्या लंबकाच्या प्रयोगात तिची जी ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत ९.४ आली. पुन्हा प्रयोग केला, पुन्हा ९.४. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, तपासताना शिक्षक म्हणाले, "९.८ च्या जवळ आण." बॅचमधल्या बाकीच्यांनी ९.८ धरून मागून गणित केलं आणि वेळेच्या रकान्यात सोयीचे आकडे भरले. आता ती विचारते, मी काय लिहू? आणि सगळीकडे असंच चालत असेल तर शास्त्रज्ञांच्या मोठमोठ्या निष्कर्षांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

मी पस्तीस वर्षं खान्देशातल्या कॉलेजांत भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल घेतली, बरीच वर्षं एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणूनही फिरलो. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहितो. तुझा दुसरा प्रश्न पहिल्यातूनच निघालाय, आणि त्याचं उत्तरही त्या दोऱ्याला टांगलेल्या गोळ्यातच आहे, म्हणून गोळ्यापासूनच सुरुवात करतो.

९.४ आला असेल तर ९.४ च लिही. पण तेवढ्यावर सोडू नकोस, तो ९.४ का आला हे शोध. माझ्या मते खरा प्रयोग तिथून सुरू होतो, आणि दुर्दैवानं आपल्याकडे घंटा नेमकी तिथेच होते.

तुझा स्टँड, दोरा, स्टॉपवॉच मी पाहिलेलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं "बहुतेक असं झालं असेल" या हिशेबानं वाच. तरी लंबकाच्या प्रयोगात जी कमी येण्याची कारणं मोजकीच आहेत आणि ती वर्षानुवर्षं तीच पाहत आलोय.

पहिल्यांदा हे ठरव की ९.४ आणि ९.८ मधला फरक हाताच्या चुकीनं पडू शकतो का. समज, दोरा ६० सेंटीमीटरचा आहे. वीस दोलनांना, म्हणजे जाऊन परत येण्याच्या वीस फेऱ्यांना, साधारण ३१.४ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना चालू करायला आणि बंद करायला मिळून ०.२ सेकंद इकडे तिकडे झालं, तर दोलनकाळात पाऊण टक्क्याहून कमी चूक येते. जी काढताना काळाचा वर्ग होतो, म्हणून ती दुप्पट होते, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. आकड्यात सांगायचं तर ०.१२. तुझा फरक ०.४ चा आहे, तिपटीहून जास्त. एवढा फरक बोट उशिरा पडल्यानं येत नाही. आणि दोन्ही वेळेला ९.४ च आला, ही गोष्ट तर फार बोलकी आहे. बोट कधी लवकर पडतं, कधी उशिरा, त्यामुळे बोटाची चूक दोन्ही बाजूंना विखुरते. तुझी चूक एकाच बाजूला आहे, आणि तेवढीच आहे.

जळगावच्या सराफ बाजारात एखाद्या काट्यातच पाव ग्रॅमची खोट असेल, तर तीच अंगठी दहा वेळा तोलून काय होणार? दहाही वेळा तेवढीच खोट येणार, आणि दहा वेळा तोच आकडा आला म्हणून उलट आपला विश्वास वाढणार. प्रयोग पुन्हा पुन्हा केल्यानं हाताची चूक कमी होते, काट्यातली खोट जात नाही. खोट शोधायची तर काटा उघडून बघावा लागतो.

तर तुझा काटा उघडू. लंबकाची लांबी कुठून कुठपर्यंत धरलीस? सूत्रातली लांबी दोरा टांगलेल्या जागेपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतची असते. बहुतेक मुलं दोरा मोजतात आणि गोळ्याची त्रिज्या मिळवायला विसरतात. नेहमीच्या गोळ्याचा व्यास अडीच सेंटीमीटर असेल तर त्रिज्या सव्वा. ६० च्या जागी ६१.२५ हवे होते. एवढ्यानंच जी दोन टक्क्यांनी कमी येतो.

मग गोळा किती ओढून सोडलास ते आठव. "अँप्लिट्यूड लहान ठेवा" असं पुस्तकात असतं, पण लहान म्हणजे किती हे कुणी दाखवत नाही. ६० सेंटीमीटरचा लंबक वीतभर ओढलास तर तो जवळजवळ वीस अंशांचा कोन होतो. वीस अंशांवर दोलनकाळ सूत्रापेक्षा पाऊण टक्क्यानं वाढतो आणि जी दीड टक्क्यानं उतरतो. तीन बोटं ओढलास तर पाच अंशांच्या आसपास राहतो आणि ही चूक मोजण्याच्या लायकीचीच उरत नाही. वीत आणि तीन बोटं, एवढाच फरक.

तिसरं कारण मला आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी दाखवलं. मी तेव्हा नवा होतो. एका बॅचचं उत्तर सारखं कमी येत होतं, त्रिज्या मिळवून, कोन लहान ठेवूनसुद्धा. मामा टेबलाशी आले, टांगलेला दोरा दोन बोटांत धरून खालीवर पाहिला आणि म्हणाले, "सर, दोरा लांब व्हयी गया." मुलांनी दोरा टेबलावर पसरून मोजला होता, मग गोळा टांगला होता. नवा सुती दोरा गोळ्याच्या वजनानं ताणला गेला. दोनतीन मिलिमीटरच, पण ६० सेंटीमीटरमध्ये तेवढ्यानंही जवळजवळ अर्धा टक्का जातो. तेव्हापासून आमच्याकडे गोळा टांगून, पाच मिनिटं थांबून, मगच लांबी मोजायचा नियम झाला.

आता बेरीज कर. त्रिज्येचे दोन टक्के, वितेचा दीड, ताणाचा अर्धा. सगळे एकाच दिशेनं खाली ओढणारे. जवळजवळ चार टक्के. उत्तर येतं ९.४. तुझ्याकडे नेमकं हेच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण यातलं एकही कारण तुला सापडलं तर तू जे शिकशील ते मागून गणित करणाऱ्या कुणाला मिळणार नाही.

शोधायची पद्धतही सांगतो. दोरा ५० पासून १०० सेंटीमीटरपर्यंत पाच लांब्यांचा घे. दर वेळी वीसऐवजी पन्नास दोलनं मोज, म्हणजे बोटाच्या चुकीचा वाटा निम्म्याहून कमी होईल. गोळा सुटला की "शून्य" म्हणून मोजायला सुरुवात कर. "एक" म्हणून सुरुवात केलीस तर वीस म्हणेपर्यंत एकोणीसच दोलनं होतात आणि जी थेट १०.८ येतो. मग नुसत्या दोऱ्याची लांबी आडव्या अक्षावर आणि दोलनकाळाचा वर्ग उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढ. त्रिज्या मुद्दाम मिळवू नकोस. रेषा सरळ येईल, पण शून्यातून जाणार नाही. मागे वाढवलीस तर आडव्या अक्षाला शून्याच्या सव्वा सेंटीमीटर अलीकडे छेदेल. तो सव्वा म्हणजे तुझ्या गोळ्याची त्रिज्या. व्हर्नियरनं, म्हणजे बारीक अंतर मोजायच्या पट्टीनं, मोजून ताडून बघ. आणि रेषेच्या उतारावरून काढलेल्या जी मध्ये त्रिज्येची चूक शिरतच नाही. हा आलेख पहिल्यांदा वर्गात काढून दाखवला तेव्हा मलाच फार आनंद झाला होता: विसरलेली गोष्ट कागदावर आपोआप उमटते.

"९.८ च्या जवळ आण" म्हणताना कोणतं ९.८? पुस्तकात छापलेलं ९.८०६६५ हे १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवलेलं प्रमाण मूल्य आहे. विषुववृत्तावर जी ९.७८० च्या आसपास असतो, ध्रुवांवर ९.८३२. जळगाव २१ अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून दोनशेएक मीटर उंच. सूत्रात घालून काढलंस तर इथला जी ९.७८६ च्या जवळपास येतो. म्हणजे जो विद्यार्थी जर्नलात ठामपणे ९.८१ "आणतो", त्यानं जळगावचा जी मोजलेलाच नसतो, पुस्तकाचा मोजलेला असतो. साध्या लंबकानं हा फरक पकडता येत नाही हे खरं, पण तुलना कशाशी करायची ते माहीत हवं.

उन्हाळ्यात हे फार ठळक दिसतं. एका वर्षी एप्रिलमध्ये एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. अनुनाद नळीनं, म्हणजे पाण्याची पातळी बदलत आवाज घुमायच्या जागा शोधायच्या नळीनं, हवेतला ध्वनीचा वेग काढायचा होता. भिंतीवरच्या तापमापीत ३९ अंश. सगळ्या बॅचचं उत्तर ३४० मीटर प्रति सेकंद, कुणाचं ३३९, कुणाचं ३४१. एकाच मुलाचं ३५४. त्याच्या तक्त्यात दोन ठिकाणी खोडाखोड होती, त्यानं रीडिंग पुन्हा घेतली होती, आणि खाली लिहिलं होतं: "रीडिंग बरोबर आहेत, कारण माहीत नाही." पाच‍शे बारा कंपनं दर सेकंदाला करणारा नादकाटा होता. दोन अनुनादांतलं पाण्याच्या पातळीचं अंतर मी स्वतः मोजलं, ३४.६ सेंटीमीटर. ३४० उत्तर यायला ते ३३.२ हवं. जवळपास दीड सेंटीमीटरचा फरक, नुसत्या डोळ्यांना दिसणारा, आणि तरी बाकी सगळ्यांनी तो पुसून टाकला होता. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला साधारण ०.६ मीटरनं. ३९ अंशांना तो ३५४ च असायला हवा. त्या मुलाला मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि तापमापीकडे बोट दाखवलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तसंच पाण्याचं. जळगावात ते शंभरच्या किंचित खाली उकळतं, तोरणमाळला साडेतीन-चार अंश आधीच. उघड्या पातेल्यात डाळ शिजवणाऱ्या बाईला हे वेळेवरून ठाऊक असतं. आम्ही मात्र परीक्षेत शंभर लिहून घेतो.

आता लंबकाचीच एक जुनी हकीकत. १६७२ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं जाँ रिशेर नावाच्या माणसाला विषुववृत्ताजवळच्या केयेनला पाठवलं. त्याच्याजवळचं लंबकाचं घड्याळ पॅरिसमध्ये अचूक चालायचं, केयेनला ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. सेकंदाला एक झोका घेणारा लंबक तिथे जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर आखूड करावा लागला. रिशेरला पॅरिसचा आकडा माहीत होता. "माझीच काही चूक असेल" म्हणून तो आकडा लिहून टाकणं त्याला सहज शक्य होतं. त्यानं महिनोन् महिने पुन्हा पुन्हा मोजलं आणि आखूड लांबीच लिहिली. पॅरिसमध्ये काहींनी शंका काढली की उष्णतेनं दांडा वाढला असेल. रास्त शंका आहे, करून बघ: एक मीटर लोखंडी दांडा वीस अंशांनी तापला तर पाव मिलिमीटरही वाढत नाही. पावणेतीनाच्या हिशेबात दहावा हिस्सासुद्धा नाही. न्यूटननं १६८७ मध्ये या मोजमापांचा आधार घेतला आणि सांगितलं की पृथ्वी मध्याशी फुगलेली आहे, म्हणून तिथे जी कमी. म्हणजे तुझ्या टेबलावरच्या त्याच साधनानं, न जुळणाऱ्या आकड्यातून, पृथ्वीचा आकार कळला.

दुसरं उदाहरण वायूचं. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होता. त्याच काचेच्या गोळ्यात हवेतून काढलेला नायट्रोजन भरला की वजन २.३१० ग्रॅम, आणि रासायनिक संयुगांतून काढलेला भरला की २.२९९. फरक अवघा अर्धा टक्का. तुझ्या चार टक्क्यांपुढे किरकोळच. पण त्याच्या तराजूची खोट त्याला इतकी नेमकी माहीत होती की हा फरक तिच्यात बसत नाही हे तो ठामपणे सांगू शकला. १८९२ मध्येच त्यानं हे न सुटणारं कोडं जसंच्या तसं छापून इतरांना विचारलं होतं. पुढे विल्यम रॅमसे आणि तो, दोघांनी मिळून हवेत दडलेला नवा वायू शोधला, अरगॉन. आज वेल्डिंगच्या दुकानात सिलिंडर दिसतो तोच. १९०४ साली दोघांना नोबेल मिळालं. मला यातला सर्वांत मोलाचा तुकडा वेगळाच वाटतो. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशनं हवेतला नायट्रोजन संपवत आणला तेव्हा एक लहानसा बुडबुडा काही केल्या संपेना. त्यानं तो मोजून लिहून ठेवला, एकशेविसाव्या भागाहून कमी. शंभराहून जास्त वर्षांनी रॅमसे आणि रॅलेला त्या नोंदीचा उपयोग झाला. कॅव्हेंडिशनं "सगळा वायू संपला" असं लिहिलं असतं तरी त्याला कुणी जाब विचारला नसता.

पण तुझी शंका खोटी नाही. मोठ्या प्रयोगशाळांतही "जवळ आणायचा" मोह असतो. मिलिकन या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार काढला, १९१३ मध्ये छापला. त्याची किंमत आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या टक्क्याहून थोडी कमी होती, कारण हवेच्या श्यानतेचा, म्हणजे चिकटपणाचा, त्यानं घेतलेला आकडा चुकीचा होता. नंतर इतरांनी मोजलं तेव्हा उत्तर एकदम बरोबर जागी गेलं नाही, हळूहळू वर सरकत गेलं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमननं १९७४ च्या भाषणात याचं कारण सांगितलं: मिलिकनपेक्षा फार वर आकडा आला की लोक चूक शोधत बसायचे, जवळ आला की फारसं तपासायचे नाहीत. तुझ्या बॅचनं केलं त्याचंच हे सभ्य रूप. एवढ्यासाठी तुला सांगतो, ९.८ आला असता तरी त्रिज्या, वीत आणि दोरा तितक्याच कसोशीनं तपास.

मग विश्वास कशाच्या जोरावर? माणसं चुकत नाहीत म्हणून नव्हे. मिलिकनची चूक सापडली ती श्यानता वेगळ्या रीतीनं मोजल्यावर, आणि प्रभाराचा मेळ अगदी निराळ्या, क्ष-किरणांच्या मोजमापाशी घालून बघितल्यावर. तोच आकडा दोन वेगळ्या वाटांनी आला, तर दोन्ही वाटांवर सारखीच खोट असण्याची शक्यता फार कमी राहते. २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगाच्या गटानं जाहीर केलं की न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. जगभर बातम्या झाल्या. त्यांनी मात्र मोजमाप सगळ्यांसमोर ठेवून "चूक शोधा" म्हटलं, आणि काही महिन्यांत एक सैल बसलेली फायबरची जोडणी सापडली. हे वाचून काहींना विज्ञान हरल्यासारखं वाटलं. मला त्या गटाबद्दल आदर वाटतो. बातमीत "संशोधनातून सिद्ध" असं वाचलंस तर एवढं बघ: आकड्यासोबत चुकीची मर्यादा दिलीय का, दुसऱ्या कुणी वेगळ्या रीतीनं तेच मोजलंय का, आणि न जुळलेली रीडिंगही दाखवलीत का. एकाच गटाचा पहिलाच निकाल असेल तर मत बनवायची घाई करू नकोस.

आता जर्नलचं. गुण कसे मिळतील हे तपासणारा कोण यावर आहे, आणि तिथे मी तुला खोटा दिलासा देणार नाही. काही जण उत्तराच्या रकान्याकडे बघून सही करतात. तरी मॅनेज केलेली रीडिंग जाणत्या माणसाला लगेच दिसतात. स्टॉपवॉच ०.१ सेकंद दाखवतं आणि तक्त्यात ३१.३७ असतं, पाचही लांब्यांना जी ९.८१ च, एकही रीडिंग इकडे तिकडे नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, "गोळा किती ओढला होतास?" एवढंच विचारलं की उरलेलं कळतं.

तू असं कर. पहिला तक्ता आहे तसा ठेव, ९.४ सकट, खोडू नकोस. त्याखाली "शंका" म्हणून तीन ओळी लिही: त्रिज्या, कोन, दोरा. मग पुढच्या पानावर तारीख घालून नव्यानं केलेला प्रयोग आणि आलेख. शिक्षकांकडे नेताना "सर, ९.४ का आला ते सापडलं" असं म्हणून दोन्ही पानं सोबत दाखव. "९.८ आण" म्हणणारे शिक्षक बरेचदा वेळेअभावी म्हणतात, वीस जर्नलं आणि एक तास असतो त्यांच्याकडे. कारणासकट चुकलेला आकडा समोर आला तर नाकारणारे मला फार थोडे भेटलेत.

दोरा सुती असेल तर बदलून मासे पकडायच्या गळाची नायलॉनची बारीक दोरी घेतलीस तरी चालेल, पण तीही ताणते, म्हणून लांबी गोळा टांगूनच मोज. नव्या आलेखाची रेषा आडव्या अक्षाला कुठे छेदते ते इथे कळव. सव्वा सेंटीमीटरच्या आसपास नसेल, तर दोरा वर कुठे आवळला गेलाय ते बघ. बुचाच्या दोन तुकड्यांमध्ये धरलेला असेल तर टांगणीची खरी जागा बुचाच्या खालच्या कडेला असते, आणि तिथून मोजायला बरेच जण चुकतात.